जुनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही पारखताना: आधी खाली वाका, बॉनेट नंतर उघडा

वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणून मी बरीच वर्षं काढली. त्यामुळे ओळखीतलं कुणी जुनी गाडी बघायला निघालं की मला सोबत घेऊन जातं, आणि हल्ली बहुतेकांच्या मनात कॉम्पॅक्ट एसयूव्हीच असते. विकणारा बॉनेट उघडून पुसूनपुसून चकचकीत केलेलं इंजिन दाखवतो. घेणारा ड्रायव्हरच्या सीटवर बसतो आणि वरून रस्ता किती छान दिसतो यातच हरखून जातो. गाडीची खालची बाजू कुणीच बघत नाही, आणि या प्रकारच्या गाडीचा अर्धा हिशोब तिथेच लिहिलेला असतो.

या गाड्यांचे गुण आणि दोष एकाच मुळातून येतात. उंच बांधा, त्यामुळे आलेलं वजन, आणि ते वजन ओढायला दिलेलं लहानसं इंजिन. म्हणून मी गुणांची एक आणि दोषांची दुसरी अशा याद्या करत नाही. एकेक गुण घेते आणि त्याची किंमत गाडीच्या कुठल्या भागाने मोजली असेल, तिथे जाऊन बघते. तुम्हीही तसंच करा. काय बघायचं ते आपोआप सुचत जातं.

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. दिसायला दणकट असली तरी ही जीप नव्हे. टोयोटाची आरएव्ही४ १९९४ साली आणि होंडाची सीआर-व्ही १९९५ साली आली, तेव्हापासून या वर्गाची मांडणी कारसारखीच आहे. बहुतेकींना वेगळी चासी नसते, सगळी बॉडी हाच सांगाडा असतो. याचा फायदा म्हणजे गाडी कारसारखी आरामात चालते आणि वजन आटोक्यात राहतं. पण ती जीपसारखी दगडधोंड्यांतून हाकलली गेली असेल तर मार थेट बॉडीला आणि सस्पेन्शनच्या सांध्यांत बसवलेल्या, धक्के सोसणाऱ्या रबरी बुशांना बसतो. उंची बघून आधीच्या मालकाने ती कुठेकुठे घातली असेल, ते खालून कळतं.

खालची बाजू

गाडी सपाट जागी उभी करायला सांगा, हँडब्रेक ओढलेला, हातात टॉर्च. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालू नका. नीट बघायचं तर वर्कशॉपची लिफ्टच हवी. पहिल्या भेटीत वाकून, स्टिअरिंग पूर्ण वळवून जेवढं दिसतं तेवढंही पुष्कळ असतं.

पुढच्या चाकाला सांगाड्याशी जोडणारा लोखंडी हात दिसेल, तो लोअर आर्म. त्याच्या आतल्या टोकांना रबरी बुश दाबून बसवलेले असतात, त्यातला मागचा मोठा असतो आणि आधी जातो. टॉर्चचा झोत त्याच्यावर तिरका मारा. रबरावर केसासारख्या बारीक रेघा दिसल्या तर ते वय झाल्याचं लक्षण, त्याने लगेच बिघडत नाही. रबर मधल्या लोखंडी नळीपासून सुटून फट पडलेली दिसली तर बुश गेलेला आहे. इथे एक बारकावा सांगते, कारण यावरून वाद झालेले मी पाहिले आहेत. काही बुशांमध्ये बनवतानाच पोकळी ठेवलेली असते. त्या पोकळीची कड गुळगुळीत असते आणि डाव्या-उजव्या बाजूला ती सारखीच दिसते. फाटलेल्या रबराची कड दातेरी असते आणि सहसा एका बाजूला जास्त असते. दोन्ही बाजू बघितल्याशिवाय मत देऊ नका.

तिथेच शॉकअब्सॉर्बर बघा. नळीवर तेलाचा ओला पट्टा आणि त्यावर धुळीचा थर बसला असेल तर तो गळतोय. उंच गाडी वळणावर कलू नये म्हणून अँटी-रोल बारला बरंच काम करावं लागतं, त्यामुळे त्याचे लिंक रॉड लवकर खिळखिळे होतात. हळू वेगाने खडबडीत रस्त्यावरून जाताना पुढून खट-खट असा कोरडा आवाज आला तर मी आधी लिंक रॉडकडेच बघते. ही दुरुस्ती किरकोळ आहे. त्या आवाजाला घाबरून चांगली गाडी सोडू नका, पण भाव करताना तो विसरूही नका.

ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाला घड्यांचा रबरी बूट असतो. तो फाटला की आतलं ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडतं. बूट वेळेवर बदलला तर काम स्वस्तात होतं. त्यात धूळ-पाणी शिरून महिने गेले असतील तर जॉइंटच गेलेला असतो, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कट-कट ऐकू येतं.

आता दरवाज्यांखालच्या कडा आणि इंजिनाखालचा गार्ड बघा. दोन-चार ओरखडे असणारच. कड आत दुमडलेली, गार्डला खोल पोचा, सबफ्रेमच्या, म्हणजे इंजिन आणि सस्पेन्शन धरणाऱ्या खालच्या चौकटीच्या, बोल्टांवर पान्याच्या ताज्या खुणा, असं एकत्र दिसलं तर गाडी जोरात टेकलेली आहे आणि काहीतरी उतरवून परत बसवलं आहे. सगळ्या तळाला सारखं जुनं अंडरकोटिंग असेल तर ठीक. एकाच भागात नवाकोरा काळा थर असेल तर त्याच्याखाली काय आहे हे विचारा, आणि समाधान होईपर्यंत विचारत राहा.

टायर

मला एकच भाग बघायला दिला तर मी टायर बघेन. कडेवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. ही ओळ कधीकधी आतल्या बाजूला येते, तेव्हा वाकून शोधा. चारही टायरांची तारीख गाडीच्या वयाशी आणि रनिंगशी जुळते का? मीटर अगदी कमी किलोमीटर दाखवतो आणि टायरांचा मात्र दुसरा-तिसरा संच चालू आहे, असं असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नका. नक्षीची खोली १.६ मिलिमीटर ही अनेक देशांत कायद्याने ठरवलेली किमान मर्यादा आहे, पण ओल्या रस्त्यावरची पकड त्याच्या बरीच आधी कमी होते.

मग हाताने बघा. तळवा नक्षीवरून बाहेरून आत फिरवा, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर चाकांचं अलाइनमेंट बिघडलेलं आहे. फक्त आतली कड झिजली असेल तर बुश किंवा आर्म संशयास्पद. मधला पट्टा झिजलाय म्हणजे हवा जास्त भरली जात होती, दोन्ही कडा झिजल्या म्हणजे कमी. दर महिन्याला हवा न बघणारा मालक इंजिन ऑइलची तारीख पाळत असेल, असं मला तरी वाटत नाही.

"ताई, चारही टायर नवे टाकलेत," असं विकणारे कौतुकाने सांगतात. नवे टायर हा फायदाच आहे, या गाड्यांचे मोठे टायर महाग पडतात. पण जुन्या टायरांबरोबर झिजेचा पुरावाही गेलेला असतो. अशा वेळी अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट मागा, नसेल तर स्वतः करून घ्या.

गाडी चारही चाकांना ताकद देणारी असेल तर टायरांचं महत्त्व दुप्पट. या वर्गात बहुतेक वेळा पुढची चाकं कायम चालतात आणि गरज पडली की मधल्या क्लचमधून मागच्या चाकांना ताकद जाते. पुढचे टायर झिजलेले आणि मागचे नवे असतील तर त्यांचा घेर वेगळा होतो, दोन्ही ॲक्सल वेगळ्या गतीने फिरतात आणि त्या क्लचवर सतत ताण येतो. पुढच्या-मागच्या नक्षीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक दिसला तर मोकळ्या जागेत पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू गोल फिरवा. गाडी अडखळत, धक्के देत वळली तर तो क्लच किंवा मागचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरसंच) तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. चिखल, बर्फ, निसरडा चढ यातलं काही तुमच्या वाटेत नसेल तर साधी पुढच्या चाकांवर चालणारी गाडीच घ्या. वजन कमी, इंधन कमी, बिघडायला भाग कमी.

इंजिन थंड असताना

निघण्यापूर्वी फोन करून सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर भांडू नका, दुसऱ्या वेळी परत जा. थंड इंजिन जे सांगतं ते गरम झाल्यावर लपतं.

काही इंजिनांत व्हॉल्व्ह वेळेवर उघडण्यासाठी टायमिंग चेन असते. सुरू होताना तिचा खडखडाट क्षणभर आला तर चालतो, लांबला तर चेन किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर थकलाय. सायलेन्सरमधून सुरुवातीला पांढरी वाफ येऊन विरून गेली तर ते नुसतं पाणी. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट आत जळतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर साय दिसली म्हणून लगेच हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या-खालच्या भागांमधलं, ऑइल आणि कूलंट वेगळं ठेवणारं सील) गेला असं समजू नका. फक्त जवळजवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही ओल धरून ती जमते. कूलंटच्या टाकीत ऑइलचा तवंग असेल किंवा कूलंट वरचेवर कमी होत असेल, तेव्हा मात्र ती गंभीर गोष्ट.

लहान टर्बो इंजिन ही या वर्गाची मोठी जमेची बाजू. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा. कमी आरपीएमला चांगला पिकअप मिळतो, चढावर दम लागत नाही. पण लहान टर्बोची दांडी मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेऊ शकते आणि तिला वाचवतो तो ऑइलचा पातळ थर. म्हणून टर्बो गाडीत मला मालकाच्या तोंडच्या शब्दांपेक्षा ऑइल बदलल्याच्या पावत्या हव्या असतात, तारीख आणि किलोमीटरसकट. गाडी गरम झाल्यावर दोन-तीन मिनिटं तशीच चालू ठेवा आणि मग हलकेच रेस द्या. मागे निळा ढग उठला तर ऑइल कुठूनतरी आत जातंय, आणि टर्बोचे सील संशयितांच्या यादीत येतात.

टायमिंग बेल्ट की चेन, हे त्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघा. बेल्ट असेल तर तो किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा तेही तिथेच असतं. वर्षांची अट लोक विसरतात, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. काही लहान इंजिनांत हा बेल्ट ऑइलमध्येच बुडून चालतो. चुकीच्या दर्जाचं ऑइल वापरलं तर तो झडू लागतो आणि त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. अशा इंजिनात ऑइलचा नेमका ग्रेड पावतीवर लिहिलेला नसेल तर मी गाडी घेऊ नका असंच सांगते.

डिझेल घ्यायची असेल तर डीपीएफ समजून घ्या. धुरातली काजळी अडवणारी ही जाळी मधूनमधून ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापून स्वतःला साफ करते. त्यासाठी गाडी सलग, जरा वेगात चालायला लागते. रोज दोन-तीन किलोमीटरच धावणाऱ्या गाडीत ही सफाई अर्धवट राहते आणि त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. माझ्या मावसबहिणीला एक डिझेल गाडी मनापासून आवडली होती. रंग चांगला, आतून स्वच्छ, एकाच हातातली. डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर. विकणारा म्हणाला, "भरपूर ऑइल आहे, चांगलंच आहे की." मी डिपस्टिक तिच्या नाकाशी धरली. डिझेलचा वास स्पष्ट येत होता. गाडी मुद्दाम वाईट ठेवलेली नव्हती, फक्त तिच्या मालकाची रोजची वाट डिझेलसाठी फार लहान होती. बहिणीचीही तेवढीच होती. तिला पेट्रोल गाडी घ्यायला लावली.

गिअरबॉक्स

मॅन्युअलमध्ये क्लच बघायची सोपी रीत आहे. मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात वरचा गिअर टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम झपकन वर गेला आणि गाडी मागेच राहिली तर क्लच प्लेट घसरतेय.

ऑटोमॅटिकमध्ये आधी गिअरबॉक्स ड्युअल क्लच, सीव्हीटी की टॉर्क कन्व्हर्टर जातीचा आहे ते विचारा, कारण तिन्हींच्या खोडी वेगळ्या. ड्युअल क्लच वेगात फार छान चालतो, पण मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या गर्दीत त्याचे क्लच तापतात, विशेषतः कोरडे, म्हणजे तेलात न बुडणारे असतील तर. म्हणून तो गर्दीतच चालवून बघा. सुटताना थरथर जाणवली तर क्लच थकलेत असं समजा. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी सलग बदलत जाणारा, मऊ असतो. त्यात घरघर वाढत जाणं आणि आरपीएम उगाच वर-खाली होणं वाईट. टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे तेलाच्या प्रवाहातून ताकद पोचवणारा, जुन्या वळणाचा, पण जुन्या गाडीत मला तो सगळ्यात भरवशाचा वाटतो. तिन्हींसाठी एक प्रश्न सारखाच: गिअर ऑइल कधी बदललं? "ते आयुष्यभर चालतं" हे उत्तर मी मान्य करत नाही. तापलेलं तेल जुनं होतंच.

बॉडी आणि सुरक्षा

ठोकलेली गाडी ओळखायला रंगापेक्षा बोल्ट बघा. बॉनेटच्या बिजागऱ्या आणि फेंडरचे बोल्ट कारखान्यात बॉडीबरोबरच रंगवलेले असतात. कोपऱ्यांवर रंग उडालेला असेल तर त्यावर पाना चढला आहे. डिकीतली स्टेपनी उचला. तिच्याखालचा पत्रा सरळ, वेल्डिंगचे ठिपके गोल आणि सारख्या अंतरावर हवेत. तिथे सुरकुती असेल तर मागून जोरात धडक बसली आहे. नुसता नवा बंपर किंवा रंगवलेला दरवाजा हा काही मोठा दोष नाही. सांगाड्याचा पत्रा ओढून सरळ केलेला असेल तर तो आहे.

पाण्यात बुडालेली गाडी बाहेरून अगदी स्वच्छ दिसू शकते. पुढचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. पट्ट्याच्या आतल्या भागावर गाळाची रेषा, सीटखालच्या स्प्रिंगांवर गंज, कार्पेट उचलल्यावर कुबट वास. अशा गाडीत वायरिंग हळूहळू सडत जातं. सनरूफ असेल तर आणखी एक: तिच्या चारी कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या नळ्या तुंबल्या की पाणी आत उतरतं. म्हणून कोपऱ्यांजवळचं छताचं कापड हाताने चाचपा.

उंच गाडीचा गुरुत्वमध्य उंच असतो, अचानक वळवल्यावर ती कारपेक्षा लवकर तोल सोडते. म्हणूनच घसरू लागलेली गाडी एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल ही या वर्गात चैन नाही. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं. तुम्ही बघताय त्या नेमक्या व्हेरिएंटमध्ये ते आहे का, हे आधी बघा, मोठी स्क्रीन आहे का ते नंतर. क्रॅश टेस्टचे तारे वाचताना वर्षही वाचा. चाचणीचे निकष वेळोवेळी कडक होत गेले, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे सारखे नव्हेत.

किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. विझलाच नाही तर बिघाड. लागलाच नाही तर त्याहून वाईट, कुणीतरी तो लपवलाय. चासी नंबर, १७ अक्षर-अंकांचा, बॉडीवर आणि कागदांवर एकच आहे ना, हे एकेक अक्षर लावून बघा. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं येत नाहीत. तोच नंबर घेऊन कंपनीकडे रिकॉलची (दोष निघाल्याने कंपनीने परत बोलावून करायची) कामं बाकी आहेत का ते विचारा. ताकाटा कंपनीचे एअरबॅग इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारे भाग) उष्णता आणि दमटपणाने खराब होऊन फुटतात म्हणून जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलवल्या गेल्या होत्या. त्यातल्या काही अजून विकायला येतात, आणि ते काम कंपनी फुकट करून देते.

चालवून बघताना

आपल्या रोजच्या रस्त्यासारखा रस्ता निवडा आणि म्युझिक बंद ठेवा. सपाट रस्त्यावर स्टिअरिंग हलकं धरून गाडी एका बाजूला ओढते का बघा. मागे कुणी नाही याची खात्री करून जरा जोरात ब्रेक लावा, स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या झिजल्यात. वेगाबरोबर वाढत जाणारी घूं-घूं आणि वळणावर बदलणारा तिचा सूर हे व्हील बेअरिंगचं लक्षण. एसी सुरू करून गर्दीत उभी करा, थंडावा टिकतो का पाहा. मागच्या सीटवर स्वतः बसून एक चक्कर मारा. या गाड्या पुढून प्रशस्त आणि मागे कधीकधी अगदी कडक असतात.

परतल्यावर ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावा. एरर कोड नाहीत एवढ्यावर खूश होऊ नका, रेडिनेस मॉनिटरही, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्यात का ते, बघा. बरेचसे "अपूर्ण" दाखवत असतील तर बॅटरी काढून किंवा स्कॅनरने कोड नुकतेच पुसलेले असू शकतात. गाडी काही दिवस नेहमीसारखी चालवू द्या आणि पुन्हा स्कॅन करा.

सापडलेल्या दोषांची मी अशी वाटणी करते. टायर, ब्रेक पॅड, बॅटरी, बुश, लिंक रॉड, शॉकअब्सॉर्बर ही झीज आहे. तिची रक्कम काढून भावातून वजा करा आणि गाडी आनंदाने घ्या. टर्बो, ड्युअल क्लच, इंजेक्टर, मागच्या चाकांचा क्लच यातलं काही संशयास्पद असेल तर वर्कशॉपचा लेखी अंदाज हातात येईपर्यंत शब्द देऊ नका. ओढलेला सांगाडा, पाण्यात बुडालेली गाडी, छेडलेली एअरबॅग, न जुळणारा नंबर, यांवर कितीही सूट मिळाली तरी मी नको म्हणते. त्या गाडीत तुमची माणसं बसणार असतात.

व्यवहार झाल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक फ्लुइड बदलून घ्या, कूलंटचं वय माहीत नसेल तर तेही. काढलेल्या ऑइल फिल्टरची घडी कापून बघायला सांगा. चमकणारे धातूचे कण दिसले तर विकणाऱ्याशी बोलायला अजून उशीर झालेला नसतो. आणि दुसरी किल्ली पैसे देण्याआधीच ताब्यात घ्या. चिप असलेली नवी किल्ली बनवायला लागणारा खर्च आणि वेळ लोकांना नंतर कळतो.